कोळसा खाली, विस्तव वर

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते दगडी कोळशावर चालणाऱ्या घरगुती बॉयलरबद्दल. तापलेलं घर गार कसं करायचं, ही आपल्याकडची विवंचना. घर तापवायची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. पण पोलंडच्या दक्षिणेला सायलेशिया म्हणून कोळसाखाणींचा मुलूख आहे. तिथे रिबनिक शहराजवळच्या एका गावात नोकरीनिमित्त मी काही हिवाळे काढले. तिथल्या जुन्या घरांच्या तळघरात हा बॉयलर असतो आणि थंडी पडली की घरातलं कुणी ना कुणी त्याच्या तैनातीला असतं. युरोपीय संघातल्या घरांमध्ये जेवढा दगडी कोळसा जळतो, त्यातला बहुतेक एकट्या पोलंडमध्ये जळतो. एका घराला एका हिवाळ्यात तीन-चार टन सहज लागतो.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना हा बॉयलर लगेच कळेल. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. फरक इतकाच की इथे तोटी सोडून पाणी बादलीत घ्यायचं नसतं. ते पाइपांतून घरभर फिरतं, खोल्याखोल्यांत खिडकीखाली बसवलेल्या लोखंडी रेडिएटरांतून ऊब सोडतं आणि निवून परत तळघरात येतं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. माळ्यावर एक उघडी टाकी ठेवलेली असते. कोळशाचा जाळ बटण दाबून बंद होत नाही, पाणी उकळलंच तर वाफेला वाट हवी, म्हणून ती टाकी.

एवढी रचना पुरे. आजची खरी गोष्ट आहे ती पेटवण्याची.

मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, खाणकामगाराची विधवा. तिकडे आजीला ओमा म्हणतात, मीही ओमाच म्हणायचे. ओमांचा दिवस पहाटे तळघरात सुरू व्हायचा. रात्रीची राख काढायची, जाळीवर कागद आणि ढलप्या ठेवून पेटवायच्या आणि जाळ धरला की वरून कोळशाची फावडी ओतायची. आपण चूल किंवा शेगडी पेटवतो तसंच, खालून. आणि मग, श्रोतेहो, धुराड्यातून जो धूर निघायचा! पिवळट, करडा, जड धूर. वारा पडलेला असला की तो वर जायचाच नाही, गल्लीतच बसून राहायचा. बाहेर वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागत आणि पडलेला बर्फ दोन दिवसांत मळकट व्हायचा. लहान मुलांचे खोकले तर मार्चपर्यंत जात नसत.

एके दिवशी धुराडी साफ करणारा आला. पोलंडमध्ये त्याला मोठा मान. काळा पोशाख आणि पितळी बटणं. तो रस्त्यात दिसला तर आपल्या कपड्याचं बटण धरायचं, म्हणजे भाग्य उजळतं, असं लोक मानतात. कोळशाच्या धुराड्याची सफाई दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे, असा तिथे नियमच आहे. हा गडी तरुण होता. छपरावरून उतरला, ब्रशाला चिकटलेलं डांबर ओमांना दाखवलं आणि म्हणाला, "ओमा, तुम्ही पैसे मोजून कोळसा घेता आणि त्यातला एवढा माझ्या ब्रशाला देता."

ओमांना ते झोंबलं. म्हणाल्या, "माझी आई असंच पेटवायची."

तो म्हणाला, "उद्या येतो. बॉयलर विझवून, गार करून ठेवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तळघरात. त्याने जाळी खरवडून स्वच्छ केली. मग आधी कोळसा भरला! न पेटवता, धूर जायच्या तोंडाच्या थोडा खालपर्यंत. त्यावर सुक्या काटक्या, त्यावर ढलप्या, आणि काडी लावली ती सगळ्यांत वर. ओमा कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "विझणार. जाळ वर जातो, खाली कसा उतरेल?"

प्रश्न अगदी रास्त होता. ज्वाळा वरच जाते, पण तिची धग खालच्या कोळशाला लागते. सगळ्यांत वरचा थर तापतो, पेट घेतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. विस्तव थराथराने खाली उतरतो. आता मुद्दा ऐका. दगडी कोळसा तापला की आधी त्यातून वायू आणि डांबराची वाफ सुटते. सायलेशियातल्या कोळशाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा असा उडून जाणारा असतो. निखाऱ्यांवर गार कोळसा ओतला की तो सगळा एकदम तापतो, वायू एकदम सुटतो, आणि वर जाळ नसल्यामुळे तसाच न जळता धुराड्यातून निघून जातो. तोच तो पिवळा धूर. वरून पेटवलं तर वायू खालून वर येताना त्याला निखाऱ्यांतून आणि ज्वाळेतून जावंच लागतं, आणि तिथे तो जळतो. धूर म्हणजे न जळलेला कोळसा, श्रोतेहो. धूर म्हणजे न जळलेला कोळसा.

माझं आपलं ठाम मत आहे की इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी महिनाभर चूल पेटवायला लावावी. ज्वलनाची समीकरणं फळ्यावर लिहिणाऱ्या पोरांना ओली आणि सुकी काटकी हाताला ओळखता येत नाही, आणि हे मला फार लागतं. आपल्या आज्यांना ते डोळे मिटून कळायचं.

असो. पहिला अर्धा तास पाणी काही तापेना. ओमांनी निषेध म्हणून आणखी एक स्वेटर चढवला, स्वतः विणलेला. हाताने विणलेल्या लोकरीची ऊब दुकानातल्या स्वेटरला नाही आणि ती कला आपण घराघरांतून जाऊ दिली, हे फार वाईट झालं. तर स्वेटर घालून ओमा बॉयलरवरच्या काट्याकडे बघत उभ्या. चाळीस. पंचेचाळीस. मग एकाएकी काटा चढायला लागला आणि पासष्टवर जाऊन स्थिरावला. रेडिएटर तापले. ओमा एक शब्द बोलल्या नाहीत, वर गेल्या आणि कॉफी ठेवली.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा!

दार उघडलं तर समोरच्या घरातल्या बाई. पायात घरातल्या सपाता, त्यांना बर्फ लागलेला, एका हातात ओमांच्या घराची जादा किल्ली आणि दुसऱ्या हातात सूपचं भांडं. ओमांना उभ्या बघून त्या मटकन पायरीवरच बसल्या. कितीतरी वर्षं त्या सकाळी उठून आधी ओमांच्या धुराड्याकडे बघत आल्या होत्या. धूर दिसला की ओमा उठल्या, ओमा बऱ्या आहेत. आज थंडी अशी मरणाची आणि धुराड्यावर काहीच नाही! त्यांना वाटलं, झालं, संपलं.

दोघी हात धरून अंगणात गेल्या आणि वर बघायला लागल्या. धुराड्याच्या तोंडावर हवा नुसती थरथरत होती. दोन बायका आभाळाकडे बघताहेत म्हटल्यावर आणखी माणसं जमली. खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा आले. त्यांना खात्रीच, की ओमांनी गुपचूप गॅस घेतला. "गॅस घेतलास आणि आम्हाला सांगितलं नाहीस?" ओमा म्हणाल्या, "खाली या आणि डोळ्यांनी बघा."

सगळी वरात तळघरात. धुराडीवाल्याने जाळ दाखवला. खाली काळा कोळसा जसाच्या तसा आणि त्याच्यावर लालभडक थर. आजोबांनी जन्मभर कोळसा खणला होता. वाकून कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

तिथेच कुणीतरी मला विचारलं, तू कुठली? मी म्हटलं, कोल्हापूरची. आणि मग मला राहवेना. मी त्यांना वळिवड्याचं सांगितलं. सोव्हिएत राजवटीने सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली पोलिश माणसं, त्यातही बायका आणि मुलंच जास्त, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांच्यातली सुमारे पाच हजार माणसं आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिली. वॉर्सामध्ये त्याचं स्मारक आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा धडा असायलाच हवा, असं मी जिथे जाईन तिथे म्हणते आणि आजही म्हणते. त्या तळघरातल्या माणसांना काही ते ठाऊक नव्हतं. आजोबांनी तेवढ्यावरून माझा हात हातात घेतला आणि त्या दिवशी मला दोनदा जेवावं लागलं.

पण समोरच्या बाईंचा प्रश्न उरलाच होता. सूप निवलं तरी त्या उठेनात. म्हणाल्या, "धूर नाही, तर तू उठलीस हे मला कळणार कसं?" त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की ओमांनी उठल्याबरोबर स्वयंपाकघराचा पडदा उजवीकडे सारायचा. मी तिथून निघेपर्यंत तो पडदा रोज उजवीकडे सरत होता. आणि सकाळी भरलेला कोळसा आता रात्री निजेपर्यंत पुरायला लागला.

तेव्हा तुमचं कुणी पोलंडकडे राहायला गेलं असेल, जुन्या घरात असा बॉयलर असेल, तर त्यांना सांगा: कोळसा खाली, विस्तव वर. पुन्हा सांगते. कोळसा खाली, विस्तव वर. पेटलेला असताना वरून नवा कोळसा ओतायचा नाही, सगळा जळून खाली बसू द्यायचा. अगदीच लागला तर निखारे मागे सारून पुढच्या मोकळ्या जागेत घालायचा. हे चालतं ते धुराचं तोंड वरच्या बाजूला असलेल्या बॉयलरमध्ये. तोंड खाली जाळीजवळ असेल तर त्याची तऱ्हा वेगळी, तिथे हे करायचं नाही. पाणी साठ अंशांच्या खाली रेंगाळू द्यायचं नाही, नाहीतर आतल्या पत्र्यावर ओल धरते, डांबर बसतं आणि पत्रा खाल्ला जातो. आणि पाणी फारच तापलं तर जाळावर पाणी ओतायचं नाही. हवेची झडप मिटायची आणि रेडिएटर सगळे उघडायचे.

हेही सांगायला हवं की हे सगळं जुन्या बॉयलरचं आयुष्य सुसह्य करण्यापुरतं. क्राकूफ शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला पूर्ण बंदी केली. सायलेशिया प्रांताचा नियम १ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात अगदी जुने बॉयलर बदलायला २०२१ अखेरची मुदत होती, त्यानंतरच्यांना टप्प्याटप्प्याने पुढची. बदलायला सरकारी अनुदान मिळतं. नव्या कोळसा बॉयलरमध्ये वाटाण्याएवढा कोळसा मळसूत्राने आपोआप थोडा थोडा विस्तवात जातो, तिथे पेटवण्याची ही विद्या लागतच नाही. मला हे नियम मनापासून योग्य वाटतात. आपल्या शहरांत थंडीच्या दिवसांत पहाटे प्लॅस्टिक घालून शेकोट्या पेटतात, त्यावरही कुणीतरी असंच ठाम बोलायला हवं.

शेवटचा मुद्दा, आणि हा पोलंडचा नाही, तुमच्या-माझ्या घरचा आहे. जाळाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं आपण दमलोय. पोलंडमध्ये दर हिवाळ्यात यात माणसं जातात, म्हणून बॉयलरच्या घरात या वायूचा भोंगा लावतात. आपल्याकडे हाच वायू बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधून निघतो. खिडकी लावून, दार लावून, आत गीझर चालू ठेवून आंघोळ करायची नाही. पुन्हा सांगते, गीझर चालू आणि खिडकी बंद, असं करायचं नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. आणि आत कुणाला भोवळ आली, तर आधी दार सताड उघडा, गॅस बंद करा, त्या माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.