वयाची अट असलेलं घर

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे माझ्या वन्सं, तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेल्या. तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या. घरात भांडण वगैरे काही नव्हतं. वाडा पाडून बांधलेल्या जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी संप पुकारलेला. एवढंच कारण.

मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा विचारलं, "करमतंय का?" तर म्हणाल्या, "अगं, इथे मला आजी म्हणणारं कुणी नाही."

मला वाटलं, झाली तक्रार सुरू. पण ती तक्रार नव्हतीच. भाजीवाला, रिक्षावाला, बँकेतली मुलगी, सगळे त्यांना गेली दहा वर्षं आजी म्हणत होते. इथे शेजारच्या ८४ वर्षांच्या बाई त्यांना "ए पोरी" म्हणून हाक मारतात. संध्याकाळी कॅरम, गुरुवारी भजन, कोजागरीला गच्चीवर मसाला दूध. वयाची अट घातलेल्या वसाहतीचा मला दिसलेला सर्वांत मोठा फायदा हाच. सगळेच म्हातारे असले की कुणीच म्हातारं राहत नाही.

हे वृद्धाश्रम नव्हेत, हे आधी स्पष्ट करते, कारण आपल्याकडे अजून गल्लत होते. इथे घर बहुधा स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचं किंवा मोठं डिपॉझिट भरून राहायचं. वय ५५ किंवा ६० पूर्ण हवं. स्वयंपाक करायचा तर करा, नाहीतर डायनिंग हॉल आहे. पुण्यात परांजप्यांची 'अथश्री' कित्येकांना ठाऊक असेल. नाव मोठं चतुराईचं आहे. ज्या वयात लोक इतिश्री समजतात, तिथे यांनी अथ लिहून ठेवलं! माथेरानच्या पायथ्याशी नेरळला 'डिग्निटी' नावाची वसाहत आहे, आणि तमिळनाडूत कोइमतूरच्या आसपास तर अशा वसाहतींची रांगच लागली आहे.

अशा घरांची बांधणीही वेगळी असते. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणले. एक मजल्याहून उंच इमारतीला लिफ्ट, घसरणार नाही अशी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे, आणि दार किमान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे व्हीलचेअर अडायला नको. हे वाचून मी घरी टेप घेऊन बसले. आमच्या न्हाणीघराचं दार ७०० भरलं. तेव्हापासून ते दार दिसलं की मनात उगीच व्हीलचेअर येते.

आता दुसरी बाजू. ती नीट कळायला जरा अमेरिकेत जायला हवं, कारण हा प्रयोग त्यांनी आपल्या कितीतरी आधी केला. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात १९५४ साली यंगटाउन नावाचं गाव फक्त ज्येष्ठांसाठी वसवलं. म्हाताऱ्यांच्या गावाचं नाव यंगटाउन, हे आपल्याकडच्या बारशांसारखंच झालं. त्याच्या शेजारीच १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बिल्डरने सन सिटी उघडली. गोल्फ, पोहण्याचा तलाव, छंदवर्ग, आणि शाळा मात्र नाही. लोकांची झुंबड उडाली. पुढे झालं असं, की सन सिटीतले मतदार शाळांसाठी पैसे उभे करण्याचे प्रस्ताव एकामागून एक पाडत गेले. आमची मुलं शिकून झाली, आता आम्ही कर का भरायचा, हा त्यांचा हिशेब. शेवटी सत्तरच्या दशकात सन सिटी त्या शाळा-विभागातून वेगळीच काढावी लागली. यंगटाउनला तर याहून बिकट गोष्ट घडली. आजी-आजोबांकडे आसऱ्याला आलेल्या एका किशोरवयीन नातवाला तिथे राहू द्यायला गाव तयार होईना. प्रकरण बरंच पेटलं आणि १९९८ साली गावाची वयाची अटच गेली.

आपल्याकडे गोष्टी त्या थराला गेलेल्या नाहीत. पण नातवंडांनी सलग किती दिवस राहायचं याचे नियम इथेही असतात. आणि घर मुलांच्या नावावर झालं, तरी मुलगा पन्नाशीचा असेल तर त्याला तिथे राहता येत नाही. विकायचं तर गिऱ्हाईकही ज्येष्ठच शोधायचं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. साध्या सोसायटीत एक घर म्हातारं होतं तेव्हा दुसऱ्या घरी पाळणा हलत असतो. इथे सगळे पासष्टीच्या आसपास येतात आणि वीस वर्षांनी सगळे एकदमच पंच्याऐंशीचे होतात. कमिटीवर कोण बसणार? पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायला दम कुणात उरणार? वन्संच्या वसाहतीत जिन्यापाशी फळा आहे. डावीकडे सहलीची सूचना, उजवीकडे श्रद्धांजली. वन्सं म्हणतात, "मी हल्ली फळ्याची डावीकडचीच बाजू वाचते."

पण जोडीतलं एक गेल्यावर जे मागे उरतं, त्याला हीच वसाहत सांभाळते, हेही मी पाहिलंय. सकाळी चहाला माणूस दिसलं नाही तर अर्ध्या तासात कुणीतरी दार वाजवतं. शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये हे कोण करणार?

तेव्हा जायचं असेल तर क्लबहाउस बघण्यात वेळ घालवू नका. करार वाचा. मी एका ठिकाणी मॅनेजरला विचारलं, "आम्ही अंथरुणाला खिळलो तर?" तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे इंडिपेंडंट लिव्हिंग आहे." म्हणजे काय, तर रात्रंदिवसाची बाई ब्युरोतून तुमची तुम्ही आणा, तिचे पैसे वेगळे, आणि विसरभोळेपणा फार वाढला तर दुसरी जागा शोधा. बेल दाबली की माणूस येतो, हे खरं. आल्यानंतर तो काय करू शकतो, हे बेलवर लिहिलेलं नसतं. मेंटेनन्स दरवर्षी किती वाढवणार, डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार, हेही तेव्हाच विचारा. आपल्याला संकोच वाटतो. त्यांना वाटत नाही.

आम्हीही एक फॉर्म आणून ठेवला आहे. यांनी सुवाच्य अक्षरात सगळा भरला. आमच्या डोक्यावर दुपारी दोन वाजता चेंडू आपटणाऱ्या पोरापासून सुटका होणार, या आनंदात असावेत. एक रकाना तेवढा राहिलाय. तातडीच्या प्रसंगी बोलवायची व्यक्ती, राहणार पुण्यातच, वय साठपेक्षा कमी. मुलगी टोरांटोला. भाचे-पुतणे सगळे बंगळुरूला नाहीतर साठीच्या पुढे. दोन महिने झाले, रकाना कोराच आहे.

त्या चेंडूवाल्या पोराच्या बापाला विचारावं म्हणते.

नमस्कार.