सी ड्राइव्ह लाल झाला!

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. आवाज इतका कापरा, की मला वाटलं ताई जिन्यावरून पडली की काय. "मामा, सी ड्राइव्ह लाल झालाय. 400 एमबीच उरलेत. गेम सेव्ह करायला गेलो तर एरर येतोय." मागून ताईचा आवाज, "सगळे गेम उडव म्हणावं आधी, दहावीचं वर्ष आहे!" मी म्हटलं, बाळा, मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस. आईलाही लावू देऊ नकोस.

एवढी धास्ती का, ते सांगतो. वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे 40 जीबी हार्ड डिस्कचा असेंबल केलेला पीसी होता. डिस्क कायम काठोकाठ. एकदा साफसफाई करताना डॉक्युमेंट्समध्ये 'जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स' नावाचं फोल्डर दिसलं. गेम तर काढून टाकलेला, मग हे कशाला? शिफ्ट दाबून डिलीट. रिसायकल बिनमध्येसुद्धा गेलं नाही. त्यात धाकट्या भावाच्या आठ सेव्ह होत्या, म्हणजे तो खेळात कुठवर पोचला त्याच्या नोंदी. एकेक साधारण 200 केबीची, म्हणजे सगळ्या मिळून दीड-एक एमबी. अहो, तेवढ्यात एक गाणंही मावत नाही! भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आता दोन मुलांचा बाप आहे, तरी दिवाळीला फराळाच्या वेळी हा विषय निघतोच.

जागा खातो तो गेम. 'रेड डेड रिडेम्प्शन 2'ला 150 जीबी मोकळी ठेवा, असं तो बनवणारेच सांगतात. पण गेम आज काढला तरी उद्या पुन्हा डाउनलोड होतो. तुम्ही त्यात घातलेले शंभर तास मात्र थोड्याशा केबी-एमबीमध्ये बसलेले असतात, आणि बऱ्याचदा त्यांची प्रत दुसरीकडे कुठेच नसते. जागेच्या घाईत आपण नेमकं तेच चिमुकलं, अनोळखी नावाचं फोल्डर पुसतो.

भरलेल्या ड्राइव्हचा आणखी एक धोका आहे. काही गेम सेव्ह करताना जुनी फाइल आधी रिकामी करतात आणि मग तिच्यावर नवं लिहायला घेतात. म्हणजे पाटी पुसली आणि मग कळलं की खडूच नाही. हाती उरते शून्य बाइटची फाइल. शहाणे गेम नवी फाइल आधी शेजारी लिहितात, ती पुरी झाली की मगच जुनीच्या जागी ठेवतात. आपला गेम यातला कोणता, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे लाल पट्टी दिसली की खेळ थांबवायचा. "एवढं एक मिशन संपवतो" असं म्हणायचं नाही.

या सेव्ह राहतात कुठे? इथे विंडोजवर नुसता गोंधळ आहे. 'स्कायरिम'च्या सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'मध्ये. 2007 साली विंडोज व्हिस्टाबरोबर खास 'सेव्ह्ड गेम्स' नावाचं फोल्डर आलं, पण त्याचा मान राखणारे गेम थोडे. 'सायबरपंक 2077' त्यातला एक. 'माइनक्राफ्ट', 'स्टारड्यू व्हॅली', 'एल्डन रिंग' हे आपल्या सेव्ह 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात. तिथे जायला विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, आणि ॲपडेटा हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन टाइप करा.

हे सगळं सी ड्राइव्हवर असतं. गेम डी ड्राइव्हवर टाकलात तरी सेव्ह सीवरच पडते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमधून गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतो, तेव्हाही या सेव्ह मागेच राहतात. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "गेम डीवर आहे, तुम्ही सी खुशाल फॉरमॅट मारा" असं सांगणारी गिऱ्हाइकं मला महिन्याला एक तरी भेटतात. मी आधी विचारतो, सेव्ह कुठे आहे? मग चेहरा पडतो.

सेव्हच जागा खातेय, असेही काही गेम आहेत हं. 'स्कायरिम'मध्ये हवे तितके सेव्ह करता येतात आणि एकेक काही एमबीची असते. चारशे-पाचशे साठल्या की जीबीत हिशेब जातो. तिथे मधल्या जुन्या सेव्ह खुशाल काढा. 'माइनक्राफ्ट'ची गोष्ट वेगळी. त्यातलं जग तुम्ही जसजसे फिराल तसतसं तयार होतं आणि डिस्कवर लिहिलं जातं, 16 बाय 16 ठोकळ्यांचा एकेक तुकडा. नुसतं उडत लांबवर चक्कर मारून आलात, काहीही बांधलं नाहीत, तरी तो सगळा मुलूख डिस्कवर मांडलेला राहतो. एखादं जग सहज जीबीच्या वर जातं.

आता सफाई. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज. टेम्पररी फाइल्स काढा. नुकताच मोठा अपडेट घेतला असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' असतं, म्हणजे आधीच्या विंडोजची जपून ठेवलेली प्रत. ते दहा दिवसांनी आपोआप जातं, पण तिथूनच आधीही काढता येतं. पीसी हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून बंद, करत नसाल तर ती सोय बंद करा, कारण तिची फाइल रॅमच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याएवढी असते. 120 जीबीच्या एसएसडीवर हा फरक जाणवतो.

जागा झाली की हलवाहलवी, पण त्याआधी सेव्हची एक प्रत पेनड्राइव्हवर. डॉक्युमेंट्स आणि सेव्ह्ड गेम्स हलवायला त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. दोघांसाठी डी ड्राइव्हवर वेगवेगळी फोल्डरं आधी बनवा. थेट डी ड्राइव्हच दाखवू नका, मग निस्तरता निस्तरत नाही. डॉक्युमेंट्सचा बॅकअप वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, घेत असेल तर आधी तो थांबवा. "सगळ्या फाइल्स नव्या जागी न्यायच्या का?" असं विंडोज विचारतं, तेव्हा हो म्हणा. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 10 च्या अपडेटने काही लोकांच्या फाइल्स पुसल्या होत्या. त्यांनी फोल्डर दुसरीकडे वळवलं होतं, पण फाइल्स जुन्या जागीच राहिल्या होत्या, आणि अपडेटने ती जुनी जागा फालतू समजून झाडून टाकली. मायक्रोसॉफ्टला तो अपडेट थांबवावा लागला.

ॲपडेटाला मात्र लोकेशनची सोय नाही, आणि ते अख्खं हलवायचा विचारही करू नका. त्यातलं एका गेमचं फोल्डर हवं तर हलवा. यासाठी जंक्शन नावाची युक्ती आहे. घर बदलताना आपण जुन्या दारावर पाटी लावतो ना, "आम्ही मागच्या गल्लीत राहायला गेलो आहोत", तशी. गेम जुन्या दाराशी येतो, पाटीमुळे नव्या घरात पोचतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. गेम बंद करा. फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करा. जुन्या फोल्डरच्या नावापुढे 'जुनं' जोडा, पुसू नका. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहा: एमकेलिंक, स्पेस, उजवीकडे कललेली तिरकी रेघ, जे, स्पेस, अवतरणात जुना (म्हणजे 'जुनं' न जोडलेला मूळ) पत्ता, स्पेस, अवतरणात नवा पत्ता. रेडिओवर कमांड सांगणं म्हणजे फोनवरून रांगोळी काढायला शिकवणं आहे, पण क्रम लक्षात ठेवा: आधी जुना पत्ता, मग नवा. गेम उघडून सेव्ह दिसतेय याची खात्री झाली, दोन-चार दिवस खेळून झालं, की मग 'जुनं' काढा.

"पण इंटरनेटवर सेव्हची प्रत ठेवणारा क्लाउड आहे ना?" असं विचाराल. आहे. मात्र प्रत्येक गेमला नाही, आणि असला तरी तो आरसा आहे, तिजोरी नव्हे. इथे फाइल बिघडली तर बिघडलेलीच वर जाऊ शकते. इथली ठेवू की क्लाउडमधली, असं स्टीमने विचारलं तर तारीख आणि वेळ नीट वाचून मगच बटण दाबा.

आता भाच्याचं सांगतो. दुपारी गेलो आणि कुठलं फोल्डर किती मोठं ते बघत बसलो. सेव्ह सगळ्या मिळून 300 एमबी. आणि व्हिडिओजमध्ये 'कॅप्चर्स' नावाचं एक फोल्डर, 64 जीबीचं! पठ्ठ्याने गेम खेळताना स्वतःचे व्हिडिओ रेकॉर्ड केले होते आणि एकदाही पाहिले नव्हते. ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकले, ड्राइव्ह निळा झाला. ताईने चहा आणता आणता विचारलं, "उडवलेस ना गेम?" भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरंच काही काढलंय."

नमस्कार.