पाळी गेल्यानंतरचं वजन

नमस्कार श्रोतेहो.

पन्नाशीच्या मैत्रिणी जमल्या की वजनाचा विषय निघतोच. कुणी रात्रीचं जेवण सोडलेलं असतं, कुणी रोज बागेला दहा फेऱ्या मारते. आज त्याच वजनाचं स्तनाच्या कर्करोगाशी काय नातं आहे, ते बघू.

पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी गेली की अंडाशय थकतं, चरबी मात्र थकत नाही. तिच्यात अरोमाटेज नावाचं विकर असतं, ते इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. स्तनाच्या पुष्कळ गाठी त्यावरच पोसतात. ज्यांच्या घरात कुणी स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोलची गोळी घेतं, त्यांना सांगते, ती गोळी याच विकराला अडवते. शिवाय लठ्ठपणात इन्सुलिन वाढतं, तेही गाठीच्या वाढीला हातभार लावतं.

पाळी जाण्याआधीचं गणित वेगळं आहे. तेव्हा लठ्ठपणाने हा धोका असा वाढताना दिसत नाही. आणि आपल्याकडे बऱ्याच जणींना हा आजार पाळी जाण्याआधीच गाठतो. तेव्हा ‘मी तर सडपातळ’ म्हणून हाताला लागलेली गाठ अंगावर काढू नका.

बरं, वजन उतरवायचं कसं? अमेरिकेत सिएटलला पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या 439 बायकांचे चार गट केले. एकीला फक्त आहार, दुसरीला आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास व्यायाम, तिसरीला दोन्ही, चौथीला काहीच नाही. वर्षभरात आहाराने वजन 8.5 टक्के उतरलं, नुसत्या व्यायामाने 2.4 टक्के, दोन्ही मिळून 10.8 टक्के. इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत आहाराने 16.2 टक्के घटलं, दोन्हींनी 20.3 टक्के. नुसत्या व्यायामाने जेमतेम 4.9, म्हणजे ठामपणे सांगण्याजोगं नाहीच. व्यायाम हृदयाला, हाडांना हवाच. पण तासभर चालून कोपऱ्यावर वडापाव खाणारीने हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत!

उपवासाचं काय? इंग्लंडमध्ये मँचेस्टरला 107 जणींवर पाहणी झाली. काहींनी आठवड्यातून दोन दिवस अगदी थोडं खाल्लं, बाकीच्यांनी रोज थोडं कमी. सहा महिन्यांनी वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. म्हणजे जे झेपेल ते करावं. फक्त त्यांचे ते दोन दिवस साबुदाण्याच्या खिचडीचे नव्हते. आपली एकादशी म्हणजे दुप्पट खाशी.

फार लठ्ठ असलेल्यांसाठी जठराची शस्त्रक्रिया असते. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांमध्ये एकूण कर्करोग कमी आढळले, पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. अर्थात चार-सहा किलोंसाठी हा मार्ग नव्हे.

एक पथ्य मात्र पाळा. संप्रेरक घटलं म्हणजे कर्करोग टळला, असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. सिएटलच्या त्या अभ्यासात रक्त तपासलं होतं, पुढे किती जणींना गाठी झाल्या हे मोजलेलं नव्हतं. आणि केमोथेरपी चालू असेल, तर शेजारणीच्या सल्ल्याने जेवण तोडू नका; आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

नमस्कार.