फायरफ्लाय: आपल्याच तोफांपुढचं विमान

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्याला, नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे जेट विमानांच्या जोडीला एक जुनं, पंख्यावर चालणारं, दणकट नाकाचं विमान उभं आहे. त्याचं नाव फेअरी फायरफ्लाय.

22 डिसेंबर 1941 रोजी ते पहिल्यांदा उडालं. बनवलं होतं ब्रिटिश नौदलाच्या विमानवाहू जहाजांसाठी. पंखांत 20 मिलिमीटरच्या चार तोफा. पुढे वैमानिक, आणि त्याच्यापासून बराच मागे, वेगळ्या खोबणीत, निरीक्षक. नकाशा आणि वायरलेस त्याच्याकडे. जुलै 1944 मध्ये नॉर्वेच्या खाडीत दडलेल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला झाला, त्यात फायरफ्लाय होतं. जानेवारी 1945 मध्ये सुमात्रातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवरही ते गेलं.

युद्ध संपलं, पण जहाजांवरच्या तोफचींचा सराव थांबवून कसं चालेल? उडत्या विमानावर नेम धरायचा, तर समोर काहीतरी उडतं हवं. म्हणून 1946पासून काही फायरफ्लायना नवं काम लावलं: लक्ष्य ओढण्याचं.

आता विमानाच्या स्वतःच्या तोफांचं काही काम नव्हतं. त्याऐवजी विंच आली, म्हणजे पोलादी तारेचं भलंमोठं रीळ. तारेच्या टोकाला कापडाची लांब नळी, स्लीव्ह. हवेत गेल्यावर तार सोडत न्यायची, स्लीव्ह पार मागे राहीपर्यंत. आणि ती परत गुंडाळायला ताकद कोणाची? समोरून येणाऱ्या वाऱ्याचीच. विंचला बाहेरून छोटा पंखा असतो. तो भिरभिरला की रीळ फिरतं. मागच्या माणसाची नजर आता नकाशावर नाही, तारेवर.

ब्रिटिश पद्धतीत अशा विमानांचं पोट पिवळं रंगवत, वर काळे तिरपे पट्टे. म्हणजे खालच्या तोफचीला कळावं, की बाबा रे, हे ओढणारं आहे, मारायचं ते मागून येतंय! विनोद वाटतो, पण वर बसलेल्यांना हसू येत नसणार.

स्वीडनमध्ये एका खासगी कंपनीने लष्करासाठी हेच काम फायरफ्लायकडून 1960च्या दशकापर्यंत करून घेतलं.

भारतात फायरफ्लाय आलं 1955 मध्ये, कोचीच्या आयएनएस गरुडा या नौदलाच्या विमानतळावर, तेही लक्ष्य ओढायलाच. गंमत अशी, की जहाजाच्या पोटात मावावेत म्हणून त्याचे पंख मागे दुमडता येत, आणि आपल्या नौदलाकडे तेव्हा विमानवाहू जहाजच नव्हतं. माझ्या मते त्याची खरी उणीव मात्र वेगाची होती. तासाला जेमतेम 500 किलोमीटर, आणि तार सोडली की त्याहूनही कमी. जगात जेट येऊन दहा वर्षं झाली होती आणि तोफची नेम धरत होते 1941च्या चालीवर. पण अजिबात सराव नसण्यापेक्षा हा बरा.

1959 मध्ये ही विमानं उडवणाऱ्या कोचीच्या तुकडीचं 550 क्रमांकाचं स्क्वाड्रन झालं. 4 मार्च 1961 रोजी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. तिच्या डेकवर जागा मिळाली ती सी हॉक आणि अलिझे विमानांना.