ओवरी, बंगला आणि लॉज

(दृश्य: जुन्या धर्मशाळेचा चौक, मधोमध आड.)

बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जायची. घाटावरच्या गावांत मुक्कामाची सोय झाली ती याच हिशेबानं, आणि ती सोय म्हणजे धर्मशाळा. तिला खोल्या क्वचितच. चारी बाजूंना ओवऱ्या, मधे चौक, प्यायला आड, बैलांसाठी दगडी डोणी. ओवरीची जमीन चौकापेक्षा हातभर उंच ठेवलेली असे, म्हणजे पावसाचं पाणीही आत येत नाही आणि जनावरंही. उतारूनं शिधा बरोबर आणायचा आणि तीन दगड मांडून स्वयंपाक करायचा.

भिंतीतली ही दिवळी जवळून पाहा. वरची कमान अजून काळी आहे. किती पणत्यांची काजळी असेल ती!

1867 च्या सराय कायद्यानं अशा जागा दंडाधिकाऱ्याकडे नोंदवायला लावल्या. विहिरी, पडव्या, गटारं साफ ठेवायची, पैसे घेत असाल तर दराचा तक्ता लावायचा आणि साथीच्या रोगाचा माणूस आढळला की लगेच पोलीस ठाण्यात वर्दी द्यायची. यात्रेच्या गावात एक आड बिघडला तरी पटकी, म्हणजे कॉलरा, पसरायची. ही कलमं कागदी नव्हती.

पण धर्मशाळेची ओवरी सगळ्यांसाठी उघडी नव्हती, हेही सांगायलाच हवं. अस्पृश्य ठरवलेल्या वारकऱ्यांना पंढरीत रात्र उघड्यावर काढावी लागे. गाडगे महाराजांनी तिथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभारली आणि 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. मुक्कामाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची इमारत आहे.

साहेबाची सोय वेगळी. गावाबाहेर मुसाफिर बंगला, पुढं रुंद व्हरांडा, मागं सुटं स्वयंपाकघर आणि खानसामा. आजची बरीच शासकीय विश्रामगृहं याच वळणाची आहेत.

(दृश्य: कुर्डुवाडी, रेल्वे फलाट.)

रेल्वे आली आणि मुक्कामाचं गणित बदललं. बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये पंढरपूरला पोहोचली. गाडीनं येणारा माणूस सरपण आणि शिध्याचं गाठोडं कशाला वागवील? त्याला शिजलेलं जेवण हवं आणि सामान ठेवायला कडी-कुलपाची खोली हवी. खाणावळवाल्यानं वरच्या मजल्यावर खाटा टाकल्या आणि दारावर पाटी लागली: ‘लॉजिंग-बोर्डिंग’.

1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढं तालुक्या-तालुक्यात स्टँड झाले आणि स्टँडसमोर लॉज उभे राहिले. खाली गाळे आणि उपाहारगृह, बाजूनं अरुंद जिना, वळणावर काउंटर. रजिस्टरचे रकाने ठरलेले: नाव, गाव, कुठून आला, कुठं जाणार, काम काय, सही. मग प्रश्न एकच, ‘कॉमन की अटॅच?’

लाकडी खाटा लवकरच गेल्या, कारण ढेकूण सांध्यांत आणि नवारीच्या घड्यांत दडतात. उन्हात टाकून, उकळतं पाणी ओतूनही ते पुरते जात नाहीत. लोखंडी कॉट आल्या. त्यांना फटी कमी, आणि असलेल्या पुसता येतात.

(दृश्य: मोरीजवळ तांब्याचा बंब.)

आंघोळीचं पाणी बंबाचं. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरून बादलीभर गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. आत पाणी नसताना पेटवला तर सांध्यांची झाळ सुटते आणि बंब गळू लागतो. पहाटे पोऱ्याचं पहिलं काम म्हणून पाणी भरायचं, जाळ नंतर.

पुढं नळ खोलीत आला, तेव्हा नवी अडचण उभी राहिली. टाकी नळापेक्षा जितकी उंच तितका दाब. दर मीटरला जेमतेम 0.1 बार (बार हे दाबाचं माप). गच्चीवर टेकलेली टाकी सर्वांत वरच्या मजल्याच्या नळाला 0.2–0.3 बारच देते. त्यात पहाटे खालचे नळ एकदम सुटले की त्याच पाइपावरचा वरचा नळ कोरडा पडतो. टाकीला दोन-तीन मीटरचा स्टँड द्यावा किंवा वरच्या मजल्याला स्वतंत्र पाइप काढावा, हा पक्का उपाय. ते जमेपर्यंत जाणता मॅनेजर पहाटेची पाचची गाडी धरणाऱ्याला पहिल्या मजल्यावरचीच किल्ली देतो.