उजेड आहे, चित्र नाही: बॅकलाइट पेटलेल्या टीव्हीची तपासणी

(टीव्ही दुरुस्तीचं काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आजचा विषय एकाच तक्रारीचा आहे. एलईडी टीव्ही चालू होतो, बॅकलाइट पेटतो, बहुतेक वेळा आवाजही येतो, पण पडद्यावर चित्र नाही. अशा सेटवर सर्रास दोन निकाल दिले जातात. एक, ‘मेनबोर्ड बदला’. दुसरा, ‘पॅनेल गेलं’. या दुसऱ्या निकालाने गिऱ्हाइकाचा टीव्ही थेट भंगारात जातो, कारण पॅनेलची किंमत नव्या सेटच्या जवळ पोचते. म्हणून ‘पॅनेल गेलं’ हे सगळ्यात शेवटी म्हणायचं, आणि तेही टीकॉनवरचे, म्हणजे मेनबोर्डकडून आलेलं चित्र पॅनेलला पुरवणाऱ्या मधल्या बोर्डावरचे, व्होल्टेज मोजून कागदावर उतरवल्यानंतरच.

आधी सेट न उघडता जे कळतं ते पाहू. खोलीत अंधार करा. बॅकलाइट असेल तर काळा पडदाही कोपऱ्यांतून राखाडी उजळलेला दिसतो. मग रिमोटचं मेनूचं बटण दाबा. मेनू दिसला तर टीकॉन आणि पॅनेल दोन्ही ठीक आहेत, दोष सेट-टॉप बॉक्समध्ये, एचडीएमआय केबलमध्ये किंवा इनपुटच्या निवडीत आहे. मेनू नाही, पण आवाज आहे आणि रिमोटने चॅनेल बदलतं, तर मेनबोर्डचा मेंदू चालू आहे, पुढची वाट तपासायची. आवाजही नाही आणि रिमोटला प्रतिसादही नाही, तर आधी मेनबोर्ड पाहा. कंपनीचा लोगो येऊन मग काळं होत असेल तर पॅनेल चित्र दाखवू शकतं हे सिद्ध झालं. मग सॉफ्टवेअर किंवा लोड आल्यावर कोसळणारा व्होल्टेज शोधायचा.

बॅकलाइट आणि चित्र या दोन वेगळ्या वाटा आहेत हे पक्कं धरा. एलसीडीचा थर स्वतः उजेड देत नाही, मागच्या उजेडासमोर तो फक्त झडपेचं काम करतो. टीव्हीत बहुतांश व्हीए किंवा आयपीएस पॅनेल असतात आणि त्यांची झडप व्होल्टेज नसताना बंद असते, म्हणून चित्राची वाट तुटली की पडदा काळा राहतो. जुन्या मॉनिटरांतल्या टीएन पॅनेलमध्ये उलट असतं, तिथे त्याच दोषाला पडदा पांढरा होतो. पांढरा पडदा बघून गोंधळू नका.

सेट उघडताना पॉवर बोर्डचं भान ठेवा. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या सेटमध्ये ३८० च्या आसपास. प्लग काढल्यावरही ते तिथे थांबतात. दोन किलोओहम, १० वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा. बॅकलाइटच्या वायरींवरही कित्येक सेटमध्ये शंभराच्या वर व्होल्ट असतात. टीकॉनवर मोजताना मीटरची काळी पिन चासीच्या स्क्रूला लावा, पॉवर बोर्डच्या हॉट, म्हणजे मेन्सशी थेट जोडलेल्या, बाजूच्या ग्राउंडला कधीच नाही.

पहिलं माप टीकॉनच्या इनपुटचं. ३२ इंचांपासून पुढे बहुतेक पॅनेलना १२ व्होल्ट लागतात, १९ ते २४ इंचांना बहुधा ५. इनपुटजवळ एक छोटा एसएमडी (बोर्डावर थेट सोल्डर केलेला) फ्यूज असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मोजा. अलीकडे व्होल्ट आहेत आणि पलीकडे नाहीत, तर फ्यूज उडालाय. इथे घाईने जंपर टाकू नका. पॉवर काढून फ्यूजच्या पलीकडून ग्राउंडपर्यंत ओहम मोजा. दोन-चार ओहमच आले तर पुढे शॉर्ट आहे, आणि जंपर टाकला की दुरुस्त होणारा बोर्ड जळतो. शॉर्ट बहुतेकदा सिरॅमिक कपॅसिटरमध्ये असतो. टीकॉनवरून पॅनेलकडे जाणाऱ्या चपट्या केबलच्या पट्ट्या काढा, बेंच सप्लायवर १ व्होल्ट आणि १-२ अँपिअरची मर्यादा लावून ती लाइन द्या आणि बोर्डावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल फिरवा. जिथून ते आधी उडतं तो कपॅसिटर दोषी.

फ्यूजच्या अलीकडेच १२ व्होल्ट नसतील तर मेनबोर्डकडे वळा. एलव्हीडीएस सॉकेटजवळ (इथून चित्राच्या सिग्नलची केबल टीकॉनकडे जाते) पॅनेलला पुरवठा देणारा पी-चॅनेल मॉसफेट असतो, म्हणजे गेटच्या हुकुमाने सोर्सवरचे व्होल्ट ड्रेनवर सोडणारा स्विच. सोर्सवर १२ आणि ड्रेनवर शून्य असेल तर गेट बघा. गेटही १२ ला असेल तर प्रोसेसरकडून पॅनेल चालू करण्याचा हुकूमच आलेला नाही. गेट बराच खाली आलाय आणि तरी ड्रेनवर काही नाही, तर मॉसफेट गेलाय. मूळ मेनबोर्डऐवजी अनेक पॅनेलना चालणारा युनिव्हर्सल बोर्ड बसवलेल्या सेटमध्ये पॅनेल व्होल्टेजचा जंपर आधी तपासा. त्यावर ३.३, ५ आणि १२ असे पर्याय असतात, आणि ५ व्होल्टच्या पॅनेलला १२ दिले की ते वाचत नाही.

इनपुट बरोबर आहे, तरी चित्र नाही. आता आजच्या विषयाचा गाभा. टीकॉनवरचा पॉवर आयसी त्या १२ व्होल्टपासून अनेक व्होल्टेज बनवतो. टेस्ट पॉइंटवर त्यांची नावं बहुधा छापलेली असतात. डीव्हीडीडी ३.३ व्होल्ट. एव्हीडीडी १५-१६ च्या आसपास, पडद्याच्या उभ्या रांगांना चित्राचं व्होल्टेज देणाऱ्या सोर्स ड्रायव्हरसाठी. व्हीजीएच, काही बोर्डांवर व्हीऑन, २५ ते ३५, पडद्याच्या आडव्या ओळींची गेट उघडण्यासाठी. व्हीजीएल किंवा व्हीऑफ, उणे ५ ते उणे १२, गेट बंद ठेवण्यासाठी. व्हीकॉम, म्हणजे सगळ्या पिक्सेलचा समान आधार व्होल्टेज, एव्हीडीडीच्या निम्म्याहून थोडा खाली, ६-७. आकडे पॅनेलप्रमाणे थोडे हलतात, नातं तेच राहतं.

प्रत्येक आकडा काही सांगतो. एव्हीडीडी १२ च्या किंचित खाली अडकलाय, तर १२ व्होल्ट वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर चालूच झालेला नाही. इनपुटच कॉइल आणि डायोडमधून सरळ पलीकडे दिसतंय. एव्हीडीडी बरोबर आहे पण व्हीजीएच नाही, तर व्हीजीएच बनवणाऱ्या चार्ज पंपाचे छोटे डायोड आणि कपॅसिटर बघा. व्हीजीएच नसेल तर एकही ओळ उघडत नाही, म्हणून पडदा ठार काळा. व्हीजीएल नसेल तर गेट नीट मिटत नाहीत आणि चित्र धुऊन निघाल्यासारखं फिकट होतं. सगळेच व्होल्टेज सेट चालू करताना क्षणभर येऊन जात असतील तर आयसी प्रोटेक्शनला जातोय, म्हणजे दोष ओळखून स्वतःच बंद होतोय. हे पकडायला मीटर कमाल-किमान नोंदवणारा हवा.

प्रोटेक्शन दिसलं की शॉर्ट टीकॉनवर आहे की पॅनेलमध्ये, हे वेगळं करा. सेट बंद करून, मिनिट-दोन मिनिटं थांबून टीकॉनवरून पॅनेलकडे जाणाऱ्या दोन्ही पट्ट्या काढा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज उभे राहिले तर टीकॉन चांगला आहे. मग एकेक पट्टी लावा. डावी लावून अर्ध्या पडद्यावर चित्र आलं आणि उजवी लावताच सगळं गेलं, तर दोष उजव्या बाजूला, सोर्स बोर्डावरच्या (पॅनेलच्या कडेच्या अरुंद बोर्डावरच्या) कपॅसिटरपासून कॉफपर्यंत (तो बोर्ड काचेला जोडणाऱ्या, चिप बसवलेल्या लवचिक फिल्मपर्यंत) कुठेही. काचेपर्यंत जाण्याआधी सोर्स बोर्डावरचे कपॅसिटर एकेक तपासा. ‘गेलेली’ कित्येक पॅनेल इथेच वाचतात.

व्होल्टेज सगळे ठीक असतील तर सिग्नल बघा. ३० पिनांची केबल बहुधा १३६६ बाय ७६८ च्या पॅनेलची, ५१ पिनांची १९२० बाय १०८० ची. एलव्हीडीएसच्या प्रत्येक तारेवर मीटर साधारण १.२ व्होल्ट दाखवतो आणि जोडीतल्या दोन्ही तारा जवळजवळ सारख्या असतात. एखादी शून्यावर किंवा ३.३ वर असेल तर तिथे तुटलंय. डेटाची जोडी गेली तर रंग बिघडतात, क्लॉकची गेली तर चित्रच येत नाही. फोर-के सेटमध्ये एलव्हीडीएसऐवजी बहुधा व्ही-बाय-वन नावाचा जास्त वेगवान सिग्नल असतो. तिथे लॉकएन ही लाइन मोजा. ती खाली असेल तर टीकॉनने सिग्नल धरलाय, वरच राहिली तर केबल, सॉकेट किंवा मेनबोर्ड.

रत्नागिरी, मालवण, वसई अशा किनाऱ्याच्या भागात सॉकेटचे पाय खाऱ्या दमट हवेने काळवंडतात. तिथे केबल बदलण्याआधी अल्कोहोलने दोन्ही टोकं साफ करून पाहा. काही टीकॉनवर एजिंग किंवा बिस्टचा, म्हणजे टीकॉनच्या स्वतःच्या चाचणीचा, टेस्ट पॉइंटही असतो. त्या अवस्थेत टीकॉन स्वतःच लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे फिरवतो. रंग दिसले की टीकॉन आणि पॅनेल दोन्ही चांगले, दोष मागे, केबल किंवा मेनबोर्डकडे आहे. ही सर्वांत स्वच्छ परीक्षा.

टीकॉन बदलायचा ठरला तर पॅनेलचा नंबर आणि टीकॉनच्या स्टिकरवरचा नंबर दोन्ही जुळवा, शेवटच्या अक्षरांसह. दिसायला सारखा बोर्ड वेगळ्या गॅमाचा, म्हणजे उजेडाच्या पायऱ्यांच्या वेगळ्या मांडणीचा, असू शकतो.

कॉफच सुटला असेल तर तो सोल्डरिंगने बसत नाही. त्याला बाँडिंग मशीन आणि एसीएफची (वीज वाहणारी चिकट) फिल्म लागते. फोमचा तुकडा दाबून आणलेलं चित्र टिकत नाही. बरेचदा हे नुकसान काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारल्याने होतं. पाणी ओघळून खालच्या कडेला कॉफपाशी साचतं. टीव्ही परत देताना गिऱ्हाइकाला हे सांगा: फडक्यावर घ्या आणि मग पुसा.

पॅनेलच्या दोन्ही कडांवरून ओळी उघडणाऱ्या गेटच्या क्लॉक लाइन एका बाजूने तोडून केलेल्या बायपासचंही तसंच. चित्र येतं, पण दोन्ही बाजूंचं काम एकीकडे पडतं आणि ते किती दिवस चालेल हे कुणी ठरवू शकत नाही. करायचं असेल तर पैसे घेण्याआधी हे बोला, आणि मोजलेल्या व्होल्टेजचा कागद पावतीला जोडा. सेटचं मागचं झाकण लावण्याआधी तो दोन तास चालवून एव्हीडीडी आणि व्हीजीएच गरम अवस्थेत पुन्हा मोजा. थंडपणी बरोबर असलेला कपॅसिटर तापल्यावर गळायला लागतो, आणि तो दोष फक्त तेव्हाच दिसतो.