अक्कलदाढेचा ठणका आणि गोळीची परीक्षा

(दृश्य: खालच्या जबड्याचा एक्स-रे. शेवटची दाढ आडवी, पुढच्या दाढेला टेकलेली.)

वेदनाशामक गोळी किती गुणकारी आहे हे तपासायचं, तर आधी दुखणारा माणूस हवा. डोकेदुखी सांगून येत नाही. कंबरदुखी एकाची वेगळी, दुसऱ्याची वेगळी. हाडात रुतलेली अक्कलदाढ काढली, की मात्र दुखणं कधी सुरू होणार, कुठे होणार आणि साधारण किती चढणार, हे आधीच माहीत असतं. दाढ काढून घ्यायला येणारे बहुतेक जण तरुण, एरवी धडधाकट, रोजचं कुठलंही औषध न घेणारे. शिवाय ही शस्त्रक्रिया त्यांना तशीही करून घ्यायचीच असते. चाचणीसाठी कुणाला मुद्दाम दुखवावं लागत नाही.

स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी 1976 मध्ये या पद्धतीची मांडणी प्रसिद्ध केली. तोंडावाटे घ्यायच्या वेदनाशामकांची पहिली कसोटी म्हणून ती आजही वापरात आहे.

(दृश्य: शस्त्रक्रियेची ट्रे. स्काल्पेल, ड्रिल, सुईधारक, टाक्यांचा दोरा.)

वरची दाढ बऱ्याचदा सहज निघते, कारण तिथलं हाड मऊ आणि सच्छिद्र असतं. म्हणून चाचणीत घेताना अट घालतात, की खालची निदान एक दाढ अर्धवट किंवा पूर्ण हाडात रुतलेली हवी. ती काढताना हिरडीला छेद देऊन ती बाजूला उचलावी लागते, हाड ड्रिलने तासावं लागतं, पुष्कळदा दाढेचे तुकडे करून ते एकेक काढावे लागतात. मग टाके. हाड जितकं जास्त तासलं जाईल, तितका पुढचा ठणका मोठा.

भुलेचं औषधही ठरलेलं. सहसा 2 टक्के लिडोकेन, त्यात 1:1,00,000 प्रमाणात एपिनेफ्रिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणारं औषध. ही भूल दोन-तीन तासांत उतरते. बुपिव्हाकेन ही दुसरी भूल चालत नाही, कारण त्याचा बधिरपणा कितीतरी तास टिकतो आणि गोळीने काय केलं, भुलेने काय केलं, हे वेगळं काढता येत नाही. सूज कमी करायला एरवी अनेक दंतशल्यविशारद डेक्सामेथासोन देतात, तेही इथे बंद. दुसरी वेदनाशामकं बंद, चहा-कॉफी बंद, मोजणी चालू असताना गालावर बर्फ लावणंही बंद. रुग्णाच्या दृष्टीने हे कठोर वाटतं, आणि आहेच. म्हणून संमतीपत्रावर हे सगळं आधी स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

(दृश्य: निरीक्षण कक्ष. खुर्चीत बसलेला रुग्ण, गाल किंचित सुजलेला. हातात 100 मिलिमीटरची रेघ छापलेला कागद.)

आता वाट पाहायची. ओठाचा बधिरपणा ओसरतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात ठोके पडू लागतात. रुग्णासमोर एक आडवी रेघ असते. डाव्या टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, उजव्या टोकाला ‘कल्पनेतलं सर्वांत भयंकर दुखणं’. तो रेघेवर खूण करतो. खूण 50 मिलिमीटरच्या पुढे गेली आणि त्याने तोंडीही ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ असं सांगितलं, तरच त्याला गोळी मिळते. ठरलेल्या काही तासांत दुखणं तिथवर पोचलं नाही, तर तो चाचणीबाहेर, आणि त्याला नेहमीचं औषध देऊन घरी पाठवतात.

ही अट का? दुखणं मुळात 20 असेल, तर उत्तमातलं उत्तम औषधही ते फार तर 20 ने उतरवेल. साखरेच्या गोळीनेही तेवढा फरक दिसू शकतो. उतरायला जागाच नसेल, तर दोन गोळ्यांतला फरक दिसणार कसा?

इथे एक छुपी गडबड होते. 50 चा आकडा रुग्णाला कळला, किंवा रुग्ण भराभर हवेत म्हणून कर्मचारी थोडं सैल झाले, तर 42 ची खूण सहज 52 वर जाते. असा फुगवलेला आकडा पुढच्या तासाभरात आपोआप खाली येतो, अगदी प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या, गटातही, आणि चांगलं औषध निकामी ठरतं. म्हणून प्रवेशाचा आकडा रुग्णाला सांगायचा नसतो.

(दृश्य: कागदी कपात दोन गोळ्या. एक पांढरी, एक केशरी.)

कुणाला काय द्यायचं हे संगणकाने आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं असतं. नवं औषध, प्लासिबो आणि एक जुनं, खात्रीचं औषध, बहुधा 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन. दोन गोळ्या दिसायला वेगळ्या असतील, तर प्रत्येकाला दोन्ही देतात. एकीत औषध, दुसरी पोकळ, म्हणजे बिनऔषधाची. प्लासिबो गटाला दोन्ही पोकळ.

जुनं औषध कशाला, असा प्रश्न पडेल. नवं औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही, तर दोष औषधाचा की मोजमापाचा? आयबुप्रोफेनही सरस ठरलं नसेल, तर ती चाचणीच फसली. ते सरस ठरलं आणि नवं औषध ठरलं नाही, तर मग औषधातच दम नाही.

गोळी गिळली की दोन स्टॉपवॉच एकदम सुरू. आराम किंचित जाणवला की पहिलं थांबवायचं, आणि आराम ‘माझ्या दृष्टीने खराखुरा’ वाटला की दुसरं. दुसरं कधीच थांबलं नाही, तर पहिल्याची वेळही बहुतेक चाचण्यांत धरत नाहीत. ‘इतक्या मिनिटांत आराम’ अशी जाहिरात दिसली, तर ती कुठल्या स्टॉपवॉचची वेळ आहे हे आधी पाहावं. दोन्हींत बरंच अंतर असू शकतं. गोळी रिकाम्या पोटी दिली होती का, हेही पाहावं. जेवणानंतर तीच गोळी रक्तात उशिरा चढते.

मग पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी, पुढे दीड तासाला, दोन तासांना, आणि नंतर तासातासाला दोनच प्रश्न. आत्ता दुखणं किती? 0 ते 3. सुरुवातीच्या मानाने आराम किती? 0 ते 4. आधीचं उत्तर दाखवायचं नाही. शब्द तेच, सूर तोच. “आता बरं वाटतंय ना?” असं विचारणारी परिचारिका नकळत उत्तरच सुचवत असते.

सुराला एवढं महत्त्व का, याचा पुरावा याच दाढेच्या रुग्णांवर मिळाला. रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला. रुग्णांना सांगितलं होतं, की इंजेक्शनाने दुखणं कमी होईल, वाढेल किंवा तसंच राहील. एका गटाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं, की या रुग्णांना फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक मिळण्याची शक्यताच नाही. दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांना ते मिळू शकतं हे माहीत होतं, पण नेमकं कुणाला, हे नाही. दोन्ही गटांतल्या प्लासिबो घेतलेल्या रुग्णांची तुलना केली. औषध तेच, म्हणजे काहीच नाही. तरी दुसऱ्या गटातल्यांचं दुखणं उतरलं आणि पहिल्यातल्यांचं चढलं. डॉक्टरच्या मनातली अपेक्षा कुठूनतरी रुग्णापर्यंत पोचली होती. प्लासिबोचा आराम म्हणजे निव्वळ मनाचे खेळ, असंही नाही. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांना नॅलोक्सोन दिलं, तेव्हा प्लासिबोने आराम पडलेल्यांचं दुखणं वाढलं. नॅलोक्सोन ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचा, परिणाम अडवतं. म्हणजे तो आराम शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांचा असावा.

(दृश्य: घड्याळ. परिचारिका दुसरी गोळी आणते.)

आराम पडत नसेल, तर रुग्ण बचावाचं औषध मागू शकतो. त्याला निदान तासभर थांबण्याची विनंती करतात, कारण तोंडावाटे घेतलेल्या गोळीला तेवढा वेळ द्यावाच लागतो. ती विनंतीच असते. सोसवत नसेल, तर औषध लगेच द्यायचं. प्लासिबो गटातले बरेच जण दोन तासांच्या आतबाहेर ते मागतात.

पुढची खरी डोकेदुखी आकडेवारी मांडणाऱ्याची. बचावाचं औषध घेतल्यावर रुग्ण म्हणतो, आता छान वाटतंय. हा आकडा तसाच नोंदवला, तर त्या औषधाचं श्रेय प्लासिबोला जातं. म्हणून त्या क्षणापासून पुढच्या तासांत सुरुवातीचा किंवा औषध घेण्याआधीचा आकडा भरतात. कुठला भरायचा हे चाचणीआधी लिहून ठेवायचं असतं. निकाल पाहून ठरवलं, तर हवा तो निकाल काढता येतो.

आरामाचे गुण सहा तासांवर मांडले, तर जास्तीत जास्त 24 होतात. त्यातले निम्मे मिळाले, की तो रुग्ण ‘गुण आला’ या रकान्यात. मग विचारायचं, प्लासिबोच्या मानाने एका जादा माणसाला गुण यावा म्हणून किती जणांना गोळी द्यावी लागते? आकडा जितका लहान, तितकी गोळी सरस. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावरच्या अशा अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा 2015 चा आढावा सांगतो: 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसाठी सुमारे 2.5, 1,000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसाठी 3.6, आणि 200 आयबुप्रोफेन अधिक 500 पॅरासिटामॉल एकत्र, तर 1.6. निव्वळ 60 मिलिग्रॅम कोडीन या ओपिऑइडसाठी मात्र 12.

ओपिऑइड इतकं मागे कसं? कारण हे दुखणं मुख्यतः सुजेचं आहे. तासलेल्या हाडाभोवती प्रोस्टाग्लँडिन ही सूज आणि दुखणं वाढवणारी रसायनं साचतात आणि आयबुप्रोफेनचं काम तेच अडवण्याचं. ही कसोटी त्या जातीच्या औषधांना झुकतं माप देते, हे मान्य करायला हवं. म्हणून नवं औषध पायाच्या अंगठ्याचं हाड सरळ करण्याच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही तपासतात.

आणि एका मात्रेची परीक्षा सुरक्षितपणाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक दाढेच्या चाचण्यांत उत्तम ठरलं होतं. दीर्घकाळ वापरात हृदयविकाराचा धोका दिसल्यावर 2004 मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं. तरुण, निरोगी माणसाच्या सहा तासांत असं काही दिसणं शक्यच नव्हतं. जठरात व्रण असलेल्याने किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने हे आकडे पाहून गोळी निवडू नये.

(दृश्य: दाढेच्या जागची पोकळी, जवळून. रक्ताची गुठळी नाही, हाड उघडं.)

तिसऱ्या दिवसाचं दुखणंही या मोजणीत नसतं. रक्ताची गुठळी निसटून हाड उघडं पडलं, तर उतरत आलेला ठणका पुन्हा उसळतो, कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. त्यावर गोळ्या वाढवत बसू नये. दंतवैद्याकडे जाऊन ती पोकळी धुऊन घ्यावी आणि त्यात औषधाची पट्टी भरून घ्यावी.